हातात राजा-नव्वी आणि बोलायची पहिली पाळी : पोकरमध्ये पैसे इथेच जातात, ‘कौशल्य की जुगार’ हा वादही इथेच उलगडतो

दिवाळीत कर्वेनगरच्या एका फ्लॅटवर आम्ही सहा जण पत्ते खेळत बसलो होतो. पैसे नव्हते, चिप्स म्हणून शर्टाची बटणं होती. एरवी तीन पत्ती होते, या वेळी कुणीतरी पोकरचा हट्ट धरला. पानं वाटली गेली. माझ्या हातात इस्पिकचा राजा आणि चौकटची नव्वी. बोलायची पहिली पाळी माझीच. राजा दिसला म्हणून मी चार बटणं पुढे सरकवली.

शेजारी मित्राचा चुलतभाऊ बसला होता. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतो. डाव संपल्यावर त्याने माझी पानं बघितली आणि म्हणाला, “पहिल्या जागेवर बसून राजा-नव्वी खेळतोस? अरे, माझे दीड लाख असेच गेले.”

सगळे हसले. तो हसला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाईन खेळ बंद झाले, तेव्हा दादाने ॲपमधली उरलेली रक्कम काढून घेतली. त्याच वेळी त्याने जुन्या डावांची नोंदही उतरवून घेतली आणि एका रविवारी जागेनुसार हिशोब मांडला. त्याला वाटत होतं की दोन-तीन मोठ्या डावांत नशिबाने दगा दिला. नोंदीत वेगळंच निघालं. मोठे डाव जिंकले-हरलेले जवळपास बरोबरीत सुटले होते. पैसे गळत होते ते सुरुवातीच्या जागांवरून, बऱ्या दिसणाऱ्या पण कमजोर पानांवर, थोडे थोडे करून.

हा मुद्दा फक्त पोकर खेळणाऱ्यांपुरता नाही. पोकर हा कौशल्याचा खेळ की जुगार, यावर देशातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं भांडण सुरू आहे. नव्या कायद्याने तर हा फरकच पुसून टाकला. हे भांडण नेमकं कशावरून आहे, ते त्या राजा-नव्वीवरून फार सोपं समजतं.

आधी खेळ समजून घेऊ

पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. हातातली दोन आणि टेबलावरची पाच, या सातांतून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची एक फेरी होते.

पानं वाटणाऱ्याच्या जागेला बटन म्हणतात. प्रत्यक्षात पानं कुणीही वाटो, ही जागा दर डावाला एक-एक खुर्ची पुढे सरकते. बटनाच्या डावीकडच्या दोघांना पानं बघायच्या आधीच ठरलेली रक्कम टाकावी लागते. एक लहान ब्लाइंड, एक मोठा ब्लाइंड. समजा ते ₹१० आणि ₹२० आहेत.

मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा माणूस सगळ्यांत आधी बोलतो. खेळायचं की पानं टाकायची, हे त्याला बाकी कुणाचा काही अंदाज नसताना ठरवावं लागतं. इंग्रजीत या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या नळीसमोर. नाव जरा नाटकी आहे, पण उगाच दिलेलं नाही.

नऊ जणांच्या टेबलावर या माणसानंतर आठ जण बोलायचे बाकी असतात. बटनावर बसलेल्याच्या मागे फक्त दोन ब्लाइंड उरलेले असतात. दोघांकडे अगदी तीच पानं असली तरी दोघांची परिस्थिती एकसारखी नसते. सगळी गोम इथे आहे.

आठ जण मागे असणं म्हणजे किती धोका?

हे आकड्यांत बघू, गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

५२ पानांतून दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. त्यातली खरोखर दणदणीत पानं कोणती? समजा नव्वीच्या जोडीपासून एक्क्याच्या जोडीपर्यंतच्या सगळ्या जोड्या, कुठलाही एक्का-राजा, आणि एकाच रंगाचे एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. हे सगळे मिळून ६४ होतात. म्हणजे एका माणसाला अशी पानं येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास.

पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण तुमच्या मागे आठ जण आहेत. त्यांतल्या किमान एकाकडे अशी पानं असण्याची शक्यता ढोबळमानाने ३३ टक्के निघते. म्हणजे दर तीन डावांत एकदा तुमच्या मागे कुणीतरी दणका घेऊन बसलेलं असतं.

हीच शक्यता बटनावरून मोजली, तर मागे दोघेच असल्यामुळे ती ९ ते १० टक्क्यांवर येते. ॲपवर लोकप्रिय असलेल्या सहा जणांच्या टेबलावर पहिल्या जागेमागे पाच जण असतात, तिथे ती २२ टक्क्यांच्या आसपास असते.

राजा-नव्वी तीच. जागा बदलली की धोका तिप्पट.

राजा आला की आनंद होतो, आणि अडचण तिथेच सुरू होते

राजा-नव्वीसारखी पानं घेऊन फ्लॉप बघितला, तर हातातल्या दोनांपैकी एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता ३२ टक्के असते. तीनपैकी दोनदा काहीच लागत नाही. तेव्हा तुम्ही पानं टाकता आणि लावलेले ₹२० किंवा ₹६० जातात. ते चटकन विसरलं जातं.

खरा फटका उरलेल्या तिसऱ्या वेळी बसतो. फ्लॉपवर राजा येतो. तुमच्याकडे राजाची जोडी आहे, सोडवत नाही. पण समोरचा एवढ्या आत्मविश्वासाने पैसे लावतोय, त्याच्याकडे काय असेल? बऱ्याचदा त्याच्याकडेही राजाच असतो, आणि सोबत एक्का किंवा राणी. दोघांची जोडी सारखी, मग सोबतचं पान बघितलं जातं. तुमची नव्वी तिथे हरते.

म्हणूनच राजा-नव्वी आणि राजा-राणी समोरासमोर आले, तर सुरुवातीलाच राजा-नव्वीची जिंकण्याची शक्यता चारात एकदा एवढीच असते. एक्का-सत्ती विरुद्ध एक्का-राजा हीच गोष्ट. एकच पान सामाईक असलं की कमी सोबतीवाला जवळपास बांधला गेलेला असतो.

आता रुपयांत बघू. सुरुवातीला ₹६०. फ्लॉपवर राजा आला म्हणून समोरच्याचे ₹८० स्वीकारले. टर्नवर ₹२००. रिव्हरवर ₹४५०. एकूण ₹७९० गेले, आणि पानं उघडल्यावर कळलं की तुम्ही पहिल्या क्षणापासून मागे होता.

पानं टाकली असती तर? शून्य. पहिल्या जागेवर तुम्ही ब्लाइंडही भरलेला नसतो. नऊ डावांच्या पूर्ण फेरीत सक्तीने जाणारी रक्कम ₹३० आहे, ती भरणं टळत नाही. ₹७९० मात्र कुणी मागितलेले नव्हते.

आणखी एक अडचण. पहिल्या जागेवर बसलेला माणूस फ्लॉप, टर्न, रिव्हर या तिन्ही टप्प्यांवर, ब्लाइंडवाले सोडले तर, बाकी सगळ्यांच्या आधी बोलतो. म्हणजे तुमची चाल बघून समोरचा ठरवतो, त्याची चाल तुम्हाला नंतर कळते. भारी पानं असतील तर हे निभावतं. कमजोर पानं असतील तर दर टप्प्यावर अंदाजपंचे.

म्हणून नऊ जणांच्या टेबलावर मुरलेले खेळाडू पहिल्या जागेवरून साधारण १० ते १५ टक्केच पानं खेळतात. बटनावरून तेच लोक त्याच्या तिप्पट पानं खेळतात. हे घाबरटपणाचं लक्षण नाही, त्यांनी फक्त मागची डोकी मोजलेली असतात.

मग आपण ती पानं का खेळतो?

एक कारण आपल्या घरात आहे. तीन पत्ती.

दिवाळीत, लग्नाच्या आदल्या रात्री, गणपतीत मांडवामागे जागरण करताना आपण तीन पत्ती शिकतो. त्या खेळात पानं न बघता चाल देणाऱ्याला सवलत मिळते. ब्लाइंडवाल्याला जेवढे लावावे लागतात, त्याच्या दुप्पट पानं बघितलेल्याला लावावे लागतात. त्यामुळे न बघता खेळणारा मर्द आणि पॅक करणारा भित्रा, ही समजूत लहानपणीच पक्की होते. शिवाय तीन पानं मिळाली की मिळाली, पुढे नवीन काही उघडत नाही.

पोकरमध्ये अशी कुठलीही सवलत नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्याला स्वस्तात खेळता येत नाही, उलट त्यालाच सगळ्यात महाग पडतं. पण हाताला सवय तीन पत्तीची. म्हणून राजा दिसला की हात आपोआप पुढे जातो.

दुसरं कारण कंटाळा. कॅसिनोतल्या टेबलावर तासाला २५-३० डाव होतात. त्यातली बहुतेक पानं टाकायची म्हटली तर माणूस तासभर नुसता बसून राहतो. आठवडाभर हिंजवडीला कंपनीत राबून शनिवारी रात्री मजा करायला बसलेल्या माणसाला हे जमत नाही. तो मनाशी म्हणतो, ‘बघू तरी काय येतंय.’ या चार शब्दांवर पोकरचा धंदा उभा आहे.

मशिनलाही हेच कळलं

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला. त्याला माणसांचे डाव दाखवून शिकवलं नव्हतं, तो स्वतःशीच खेळून शिकला. मग त्याला सहा जणांच्या टेबलावर अव्वल व्यावसायिक खेळाडूंसमोर बसवलं. १२ दिवसांत १०,००० डाव झाले आणि तो त्यांच्यापेक्षा सरस ठरला.

त्याच्या खेळातून निघालेला एक निष्कर्ष आपल्या विषयाचा आहे. डाव कुणी वाढवला नसताना फक्त मोठ्या ब्लाइंडएवढी रक्कम टाकून गपचूप आत शिरणं, याला लिंप म्हणतात. लहान ब्लाइंडची जागा सोडली, तर इतर कुठल्याही जागेवरून असं शिरणं तोट्याचं, हे जुने खेळाडू अनुभवाने सांगत आले होते. मशिनही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचलं. खेळण्यालायक पानं असतील तर वाढवा, नसतील तर टाका. ‘स्वस्तात बघू’ हा पर्याय वाटतो तेवढा स्वस्त नाही.

आता मुद्दा कोर्टाचा : मग हे कौशल्यच झालं ना?

इतकं गणित, इतका संयम लागत असेल, तर पोकर जुगार कसा? कंपन्यांचा युक्तिवाद हाच होता. त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे या वादाची सुरुवात जुन्या मुंबई राज्यातून झाली. १९५७ मध्ये आर. एम. डी. चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसांच्या शब्दकोडी स्पर्धांबद्दल निकाल दिला. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं त्या स्पर्धा व्यवसाय ठरतात, नशिबावर चालणाऱ्या स्पर्धा जुगार, अशी विभागणी त्यातून आली. १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला, आणि तिथे रमीची तुलना तीन पत्त्यांच्या खेळाशी करून तो निव्वळ नशिबाचा म्हटला गेला. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात गेल्या.

पोकरवर मात्र एकमत झालं नाही. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवलं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रमी आणि पोकरला कौशल्याचे खेळ मानलं. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही तसाच कल दाखवला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात तर पोकर जुगाराच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही चालतो. त्याचं कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही. आता पोकर त्या कलमात बसतो का, हा प्रश्न.

संशोधक काय सांगतात? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची आकडेवारी तपासली. आधीच्या कामगिरीवरून तरबेज ठरलेल्या खेळाडूंना लावलेल्या पैशांवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला होता, बाकीचे सरासरी १५ टक्के तोट्यात होते. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी ऑनलाईन डावांचा अभ्यास केला. त्यांच्या मते साधारण १,५०० डावांनंतर कौशल्याचं पारडं नशिबापेक्षा जड होतं.

म्हणजे कौशल्य आहे, हे मान्य करावं लागतं. पण १,५०० डाव म्हणजे काय ते बघा. कॅसिनोच्या टेबलावर ५० तासांहून जास्त. वर्षातून दोनदा गोव्याला जाणाऱ्या माणसाला तिथवर पोहोचायला वर्षं लागतील. तोपर्यंत त्याच्यासाठी हा खेळ बराचसा नशिबाचाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या कौशल्याचा मोठा हिस्सा पानं टाकण्यात आहे. ज्याला ते येत नाही, त्याच्यासाठी ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द जाहिरातीपलीकडे काही सांगत नाहीत. उलट खेळ जितका जास्त कौशल्याचा, तितका नवखा माणूस जास्त खात्रीने हरतो. लॉटरीत अडाणी आणि हुशार दोघांची संधी सारखी असते. पोकरमध्ये ती सारखी नसते, आणि कंपन्या हेच अभिमानाने सांगत होत्या.

ॲपची कमाई कशावर होती?

पोकरमध्ये तुम्ही कंपनीविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळता. कंपनी प्रत्येक पॉटमधून ठरावीक टक्के कापून घेते, त्याला रेक म्हणतात. आणि बहुतेक ठिकाणी नियम असा की डाव फ्लॉपच्या आधीच संपला, तर रेक नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सगळ्यांनी शिस्तीने कमजोर पानं टाकली, तर कितीतरी डाव फ्लॉपआधीच मिटतील आणि टेबल चालवणाऱ्याला त्यातून काही मिळणार नाही. त्याची कमाई सुरू होते ती कुणीतरी ‘बघू तरी’ म्हटल्यावर. खेळाडूचं हित पानं टाकण्यात, टेबलवाल्याचं हित पानं न टाकण्यात.

न्याय्य बोलायचं तर ॲपवर पानं टाकताच लगेच नव्या टेबलावर नेणारे प्रकारही होते, त्यात वाट बघण्याचा कंटाळा कमी व्हायचा. पण त्याचबरोबर तासाला होणारे डावही वाढायचे. एका वेळी चार टेबलं उघडली की चुकाही चौपट.

ऑगस्ट २०२५ मध्ये काय बदललं?

त्या उन्हाळ्यापर्यंत महाराष्ट्रात हा विषय तापलेलाच होता. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने फँटसी क्रिकेटच्या ॲपवर दीड कोटी जिंकले आणि त्याचं निलंबन झालं. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत होते, असा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. त्यांनी आरोप फेटाळला, पण महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं.

मग २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ऑगस्टला राज्यसभेत ऑनलाईन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने जुना वाद एका वाक्यात बाजूला सारला. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाईन खेळ मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, त्यावर बंदी. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायदा त्याला पीडित मानतो. मोठ्या ॲप्सनी लगोलग पैशांचे खेळ थांबवले.

सरकारी अंदाजानुसार सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला २०,००० कोटी रुपये गमावत होते. कंपन्यांचं म्हणणं होतं की बंदीमुळे नोकऱ्या आणि कर दोन्ही जातील, आणि खेळणारे परदेशी बेकायदा ॲपकडे वळतील. कंपन्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेल्या. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते खटले स्वतःकडे घेतले.

दोन्ही बाजू एका प्रश्नाला बगल देतात, असं मला वाटतं. सरकार म्हणतं, लोक गमावतात म्हणून बंद करा. कंपन्या म्हणतात, कौशल्य आहे म्हणून चालू द्या. पण खेळात कौशल्य असणं आणि खेळणाऱ्याकडे ते असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाने पहिल्या गोष्टीचा निकाल लावला तरी दुसरी उरतेच. नवख्याला त्याच्या तोट्याचा जागेनुसार हिशोब दर महिन्याला दाखवणं, ठरावीक रकमेनंतर टेबल बंद होणं, असे मधले मार्ग नीट आजमावले जाण्याआधीच सगळं थेट बंदीवर आलं. दादाला जो हिशोब बंदीनंतर एका रविवारी स्वतः मांडावा लागला, तो ॲपला पहिल्या महिन्यातच मांडून देता आला असता. माहिती त्यांच्याकडेच होती.

मग आता पुण्यातले खेळणारे कुठे जातात?

पहिलं उत्तर गोवा. नवा कायदा ऑनलाईन खेळांचा आहे, मांडवीतल्या बोटींना तो लागू नाही. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात नंतर बदल करून पंचतारांकित हॉटेलांत आणि समुद्री जहाजांवर कॅसिनोला वाट करून दिली गेली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. म्हणजे ती टेबलं पाहुण्यांसाठीच, आणि पुण्याहून रात्रीची बस पकडली की सकाळी पणजी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, हे निघण्याआधी लक्षात असू द्या.

महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

दुसरं उत्तर म्हणजे घरातले डाव. ‘घरीच तर खेळतोय’ म्हणून निर्धास्त राहू नका. जागा देणारा माणूस जागेचे किंवा पत्त्यांचे पैसे घेत असेल, पॉटमधून काही कापत असेल, तर १८८७ च्या कायद्यानुसार ते घर जुगाराचा अड्डा ठरू शकतं. मग चालवणाऱ्यावर आणि तिथे सापडलेल्यांवरही कारवाई होऊ शकते.

तिसरं उत्तर टेलिग्रामवरच्या लिंकमधून उघडणारी परदेशी ॲप्स. तिथे पत्ते कोण पिसतं ते माहीत नाही, आणि पैसे अडकले तर तक्रार कुणाकडे करायची तेही नाही. राजा-नव्वीचं गणित निदान प्रामाणिक टेबल गृहीत धरून केलेलं असतं.

लक्षात काय ठेवायचं?

तुम्ही बटणांवर खेळा, शेंगदाण्यांवर खेळा किंवा कॅसिनोत. पानं उचलल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या मागे किती जण बोलायचे आहेत? माझं मोठं पान टेबलावर आलं, तर सोबतचं पान मला वाचवेल का? आणि कुणी वाढवलं तर मी ही पानं पुढे नेईन का? पहिल्या जागेवर बसून तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आत शिरूच नका.

आणि टाकण्याची ही सवय टेबलावरून उठतानाही लागते. हरलेले पैसे भरून काढायला खेळणं, घरच्यांपासून लपवणं, उसने घेणं, यातलं काही स्वतःत किंवा मित्रात दिसत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाईनवर १४४१६ ला फोन करता येतो. तो मोफत आहे.

त्या रात्री आम्ही आणखी दोन तास खेळलो. मला पहिल्या जागेवर परत एकदा एक्का-सत्ती आली. एक्का होता, हात शिवशिवत होता. मी पानं टाकली. टेबलावर एक्का उघडला तेव्हा जीव थोडा चुटपुटला. शेवटी दोघांनी पानं दाखवली, त्यातल्या एकाकडे एक्का-राणी होती.

दादाने माझ्याकडे बघितलं. “काय होतं?”

“एक्का-सत्ती.”

“किती गेले?”

“काहीच नाही.”

“मग जिंकलास की,” तो म्हणाला आणि पत्ते पिसायला घेतले.